कापडाच्या भिंती

भिंतीला कान असतात, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने तंबूत रात्र काढलेली नसावी. विटामातीच्या भिंतीला फार तर एखाददुसरा कान असेल. तंबूची भिंत म्हणजे नखशिखांत कानच! शेजारच्या तंबूत कोणी कूस बदलली तरी ती आपल्याला कळते, आणि आपल्याला कळले हे त्यालाही कळते.

मराठी मध्यमवर्गीय माणसाची सारी हयात भिंती उभारण्यात जाते. त्याचे आजोबा चाळीतल्या एका खोलीत मधे लुगड्याचा पडदा सोडून दोन संसार करीत होते. वडिलांनी स्वयंपाकघर निराळे असलेल्या दोन खोल्या मिळवल्या. तो स्वतः वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन तीन खोल्यांचा फ्लॅट घेतो. प्रत्येकाला निराळी खोली, खोलीला दार, दाराला कडी. हे सगळे यथासांग पार पडले, की हाच गृहस्थ एके दिवशी पदरचे पैसे मोजून, डोंगराच्या पायथ्याशी, दुपदरी कापडाखाली, उघड्या माळावर निजायला जातो आणि त्याला 'कॅम्पिंग' असे नाव देतो. या वागण्याचा अर्थ काय, हे कोडे मला बरेच दिवस सुटत नव्हते. आता थोडेसे सुटले आहे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

2024 साली 26 जानेवारी शुक्रवारी आली होती. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुट्टी. तेवढ्या मुहूर्तावर आम्ही बारा माणसे आणि एक ठमी अशी भंडारदऱ्याला, प्रवरेच्या जलाशयाकाठी, तंबूत राहून आलो. ठमीला मी माणसांत धरली नाही याचा तिने राग मानू नये. ती त्या वेळी वीस महिन्यांची होती, आणि सबंध मुक्कामात आम्ही बाराजण तिच्या दरबारी मानकरी होतो इतकेच. ठमी ही माझ्या धाकट्या भावाची, बाळूची, मुलगी. तिचे पाळण्यातले नाव चांगले भारदस्त आहे. पण ते उच्चारायला तिला स्वतःलाच अजून जमत नाही.

सहलीची कल्पना ताईची. ती नाशिकला असते, बाकीचे आम्ही पुण्याच्या चार कोपऱ्यांत. भंडारदरा दोन्हीकडून सोयीचे, हे तिने सांगितलेले कारण. खरे कारण तिने सांगितले नाही, पण आम्हां सर्वांना ते ठाऊक होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढची हकीकत कळायची नाही.

पुण्यात पेठेमध्ये आमचा एक वाडा होता. वाडा म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे दिंडीदरवाजा, कारंजे आणि नक्षीचे खांब उभे राहतील. आमच्या वाड्यात यांपैकी काही नव्हते. एक लहानसा चौक, चौकात पारिजातक, अंधारा जिना आणि वर माळ्यासारख्या खोल्या. खोल्यांच्या मधल्या भिंती म्हणजे लाकडी फळ्यांच्या पडद्या. पलीकडे कोणी शिंकले की अलीकडून 'सत्य आहे' म्हणायचे, अशी आमची रीत. 2021 साली तो वाडा पाडून जागेवर इमारत उभी करायचे ठरले. दादाचे म्हणणे, आपण सगळ्यांनी तिथेच फ्लॅट घ्यावेत, वर-खाली का होईना, एका जिन्यावर राहू. बाळूला त्या वेळी पैशाची गरज होती. त्याने आपल्या वाट्याची रक्कम घेतली आणि वाकडला, त्याच्या ऑफिसजवळ, घर केले. दोघांचेही बरोबर होते. कुटुंबात एकाचे चूक आणि दुसऱ्याचे बरोबर असले तर तंटा मिटवणे सोपे जाते. दोघांचेही बरोबर असले की मात्र कठीण.

बरे, भांडण असे झालेच नाही. झाले असते तर बरे, असे आईला वाटे. भांडणाला निदान आवाज असतो. इथे दोघेही सुशिक्षित, सभ्य. सणावारी भेटत, 'काय, कसं काय?' म्हणत, ताटावर बसत आणि गाडीची किल्ली हातात खेळवीत निघून जात. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा तीन वर्षे मोबाइलवरून चालला होता. असे हे कॉंक्रीटच्या भिंतींचे वैर. त्यातून काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

असो. कॅम्पिंगला जायचे हे आईच्या कानावर घातले तेव्हा ती म्हणाली, "कॅम्पात ना? मग येताना श्रूजबेरी बिस्किटं आणा!" तिचे काही चुकले नाही. पुणेकरांना इंग्रजांच्या लष्कराचा तळ दोनशे वर्षे शेजारी असल्यामुळे 'कॅम्प' म्हणजे बिस्किटांचे गाव एवढेच ठाऊक. तिला समजावून सांगितले, की आपण सगळ्यांनी तंबूत राहायचे आहे, तूही. तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "राहुटीत होय? मग सरळ राहुटी म्हणा की! वारीत राहिलेय मी." आई साठीची असताना एका दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेली होती. हे आम्ही पार विसरलो होतो.

मराठीचा मास्तर असल्यामुळे मला आईचा 'राहुटी' हा शब्द फार आवडला. तंबू, कनात, शामियाना हे सारे फारसीच्या वाटेने आपल्याकडे लष्करातून आले. त्यांना तलवारीचा आणि तहनाम्यांचा वास आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी 1659 साली जो शामियाना उभा राहिला त्याची गोष्ट तर पोराटोरांना पाठ असते. राहुटीत मात्र 'राहणे' ऐकू येते. व्युत्पत्ती तशीच आहे असा माझा दावा नाही. कानाला तसे वाटते, एवढेच. चूल मांडायची, पथारी टाकायची आणि सकाळी पुढच्या गावाला लागायचे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच.

परंतु आमचे बिऱ्हाड काही पाठीवर मावण्याजोगे नव्हते. पानिपतच्या मोहिमेत लढणाऱ्यांबरोबर बुणग्यांचा केवढा लोंढा होता आणि त्यापायी हालचालींना कसा अडथळा झाला, हे आपण शाळेत शिकलो. मला त्या प्रसंगाचे मर्म 26 जानेवारीच्या सकाळी उमगले. ठमीच्या एकटीच्या सामानात दूधपावडर, गरम पाण्याचे दोन थर्मास, तांदूळ-मुगाची भाजून दळलेली पेज, अकरा झबली, लोकरीचे तीन पोशाख, डायपरांचा गठ्ठा, ओडोमॉस, ओव्याची पुरचुंडी, एक पाय तुटलेला लाकडी घोडा आणि एक लाल बादली होती. बादली कशाला, असे आत्याने विचारले. "ती तिच्याशिवाय झोपत नाही," असे उत्तर आले. आत्यानेही मग आपली काठी, उशी, जपाची माळ, सांधेदुखीचे तेल आणि चकल्यांचा डबा गाडीत चढवला. आईने सामानात फक्त दोन वस्तू घेतल्या: एक घोंगडी आणि तिळगुळाचा डबा. "रथसप्तमीपर्यंत देता येतो," असे ती कोणी न विचारता म्हणाली.

नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर मागे टाकून आम्ही अकोल्याकडे वळलो. पुढे राजूर, आणि मग डोंगर जवळ येऊ लागले. भंडारदऱ्याचे धरण प्रवरेवर 1926 साली पुरे झाले. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर विल्सनसाहेब यांचे नाव त्याला दिलेले आहे. काळ्या दगडाची ती प्रचंड भिंत पाहून भावोजी, जे स्वतः इंजिनीयर आहेत, टोपी काढून उभे राहिले. इथे अडवलेले पाणी खाली श्रीरामपूर-राहात्याकडच्या उसापर्यंत जाते. "म्हणजे आपल्या चहातली साखर इथून निघते म्हणायची," आत्या म्हणाली. भावोजींनी तिला कालवे समजावून सांगायला सुरुवात केली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत पुरली.

आमचे तंबू धरणापासून दूर, पाण्याच्या अगदी काठाला होते. मालक गावातलाच एक तिशीचा तरुण. पावसाळ्यात भातशेती, मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणाऱ्यांची व्यवस्था, हिवाळ्यात तंबू, असा त्याचा वर्षाचा क्रम. समोर पाण्यापलीकडे रतनगड, माथ्यावरच्या आरपार नेढ्यासकट. पाठीमागच्या अंगाला कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. शिवाय पौष पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली. एवढ्या थोर मंडळींच्या पंक्तीला आमचे पाच तंबू घुमटासारखे पाठ वाकवून बसले होते.

तंबू पाच म्हटल्यावर वाटणी आली, आणि वाटणी हा शब्द उच्चारताच सगळे एकदम पाण्याकडे पाहू लागले. दादाने बूट झटकले. बाळूने ठमीची टोपी सारखी केली. शेवटी आत्याने तोड काढली. "वयाप्रमाणे नको नि मानाप्रमाणे नको. मूल रात्री रडणार, त्याच्या शेजारी आम्ही म्हाताऱ्या. बाकी तुमचं तुम्ही बघा." त्याप्रमाणे एका टोकाला आई, आत्या आणि दादाची मुलगी, शेजारी बाळूचे बिऱ्हाड, मग मी, सौभाग्यवती आणि चिरंजीव, मग दादा-वहिनी आणि दुसऱ्या टोकाला ताई-भावोजी. भावांत मी मधला, तंबूही माझा मधला. आयुष्यभर हेच चालत आले आहे.

ठमीने मात्र वाटणी मानली नाही. तंबूला कडी-कुलूप नसून चेन असते, आणि ती ओढली की 'सर्र' आवाज होऊन घर उघडते, हा शोध तिला पहिल्या पाच मिनिटांत लागला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती पाचही घरांची मालकीण होती. बादली घेऊन एका तंबूत शिरावे, तिथल्या माणसाचा एक मोजा किंवा चष्म्याचे घर बादलीत टाकावे आणि ते दुसऱ्या तंबूत नेऊन ओतावे, असा तिचा व्यापार. सूर्य मावळेपर्यंत दादाची कानटोपी बाळूकडे, बाळूचा मफलर दादाकडे आणि आत्याची जपमाळ चिरंजिवांच्या बुटात निघाली. ज्याची वस्तू त्याला परत करण्याच्या निमित्ताने मंडळींना एकमेकांच्या तंबूंत डोकवावे लागले. दादाने मफलर बाळूच्या हाती न देता तंबूच्या दोरीवर ठेवला, हे मी पाहिले. आईनेही पाहिले.

दिवेलागणीला आईने डबा उघडला. दादाने तिळगूळ घेतला, बाळूनेही घेतला, आणि 'गोड बोला' हे शब्द दोघांनी अशा आवाजात उच्चारले, की कोर्टात शपथ घेणारा साक्षीदारही त्याहून प्रेमळ वाटावा.

रात्री नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा आणि वाफाळलेला भात. जेवण होते न होते तोच थंडी पडली. पडली म्हणजे कोणीतरी वरून टाकल्यासारखी पडली. दादाला ठमीची काळजी वाटू लागली. मालकाकडे शेकोटीशिवाय कोळशाची एक शेगडी होती. ती बाळूच्या तंबूत ठेवावी, असे दादाने त्याला फर्मावले. बाळू नको म्हणाला. "मूल गारठेल," दादा म्हणाला. "माझं मी बघतो," बाळू म्हणाला. वाक्ये दोनच, पण शेकोटीभोवतालची बोलणी थांबली. तीन वर्षे जे ऐकू येत नव्हते ते आता येते की काय, असे मला वाटले.

मालकाने मात्र दोघांकडेही लक्ष दिले नाही. तो नम्रपणे पण ठासून म्हणाला, "शेगडी आत नाय न्यायची, साहेब. कोळशाची वाफ दिसत नाय, वास येत नाय. माणूस झोपंतून उठतच नाय." तो म्हणत होता ते अक्षरशः खरे आहे. कोंडलेल्या जागेत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, गंध नाही, आणि निजलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. तंबूत शेगडी, स्टोव्ह, विझत आलेले निखारे, काहीही नेऊ नये. ज्या वाचकांना असा बेत करायचा असेल त्यांनी या लेखातले दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी एवढे ठेवावे.

मग मूल उबेत कसे राहावे? याचे उत्तर आईने दिले. "थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. अंगावर चार पांघरुणं घातलीत नि खाली गार जमीन असली तर काय उपयोग?" तिने मालकाकडून भाताचा पेंढा मागवला. ठमीच्या अंथरुणाखाली वीतभर पेंढा, त्यावर आपली घोंगडी, त्यावर गादी. "वारीत असंच करायचो?" मी विचारले. "वारी आषाढातली. तेव्हा चिखल असतो," आई म्हणाली. "हे माझ्या आजीकडचं, गावाकडचं." घोंगडी दिल्यावर आईला पांघरायला काय, हा प्रश्न दादाने आणि बाळूने एकाच वेळी विचारला, आणि दोघेही गप्प झाले.

आता तंबूतल्या रात्रीविषयी. दिवे गेले, चेनी लागल्या, आणि पाच मिनिटांत आमच्या लक्षात आले, की आपण पाच निरनिराळ्या ठिकाणी निजलेलो नसून एकाच लांबलचक खोलीत निजलो आहोत. भावोजी घोरत होते. आत्या पुटपुटत होती. वहिनी दादाला म्हणाल्या, "उशी उंच झालीय का?" आणि दोन तंबू पलीकडून आई म्हणाली, "त्याला लहानपणापासून पातळच लागते." सगळे खुदकन हसले. पाण्याकाठी टिटवी ओरडली. पुतणीने अंधारातच विचारले, "ही टिटवी ना, आजी?" आई हो म्हणाली. मग दादा खोकला. तो खोकला मी तीन वर्षांत इतक्या जवळून ऐकला नव्हता. पूर्वी फळीच्या पडदीतून रोज ऐकू यायचा. दादा अभ्यासाला बसला आहे, उजाडायला अवकाश आहे, आपण आणखी झोपायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ असे.

पहाटे तीनच्या सुमारास ठमी जागी झाली. प्रथम नुसती कुरकुर, मग तंबूचे छत ओळखीचे नाही हे ध्यानात येऊन तिने टाहो फोडला, "घली! घली!" घरी जायचे होते तिला. तिची आई थोपटू लागली. बाळू बादली शोधू लागला. घरी असते तर एव्हाना बाकीच्या खोल्यांची दारे नीट लागली आहेत ना, हे प्रत्येकाने पाहिले असते. इथे लावायला दारच नाही. भावोजींचे घोरणे थांबले. आत्याचे पुटपुटणे सुरू झाले. बाराच्या बारा माणसे जागी झाली आणि झोपल्याचे सोंग घेऊन पडून राहिली.

बाळू तिला शालीत गुंडाळून बाहेर आला. त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. इतक्यात माझ्या उजव्या बाजूची चेन वाजली. दादा.

"आण इकडे."

"राहू दे दादा, झोपेल ती."

"आण म्हणतो ना. तू सव्वा महिन्याचा होतास तेव्हापासून तुला मीच फिरवलाय. जिन्यापासून चौकापर्यंत नि चौकापासून जिन्यापर्यंत. आई दिवसभर दमलेली असायची."

बाळू काही बोलला नाही. पावले आता एकाचीच वाजत होती, आणि ती वजनदार होती. दादा बाळूपेक्षा चौदा वर्षांनी मोठा. ठमीचा आवाज किंचित उतरला.

"चांदोबा दाखवल्याशिवाय तू डोळा मिटायचा नाहीस," दादा म्हणत होता. "पौर्णिमेला ठीक. अमावास्येला काय करणार? समोरच्या गॅलरीतला दिवा दाखवायचो नि म्हणायचो, हा बघ चांदोबा."

"आणि मला पटायचं?"

"तुला कधी काय पटलंय? पण झोपायचास."

बाळू हसला. मोठ्याने नाही, पण ते हसणे कापडातून अगदी स्वच्छ ऐकू आले. माझ्या बाजूला सौभाग्यवतीने माझा हात दाबला. तीही जागीच होती तर!

मग बराच वेळ नुसती पावले. चंद्र पश्चिमेला कलला होता. तंबूच्या कापडावर दोन सावल्या येत-जात होत्या, एक रुंद आणि एक सडपातळ.

"दादा," बाळू म्हणाला, "तेव्हा मी पैसे घेतले ते..."

"हळू बोल," दादा म्हणाला, "झोपतेय ती."

त्यानंतर ते दोघे इतक्या हळू बोलले, की काय बोलले ते कोणालाही कळले नाही. कापडाच्या कानांनाही शेवटी मर्यादा असते, आणि ती असावी. मला एवढेच ठाऊक आहे की ते पुष्कळ वेळ बोलत होते, आणि एकदा दादा म्हणाला, "हे घे, कानाला बांध." सकाळी पाहिले तर दादाचा मफलर बाळूच्या गळ्यात होता. या वेळी ठमीच्या बादलीने तो नेलेला नव्हता.

सकाळी आत्या तक्रार करीत उठली. तंबू गळतो, माझ्या कपाळावर थेंब पडला! पावसाचा तर मागमूस नव्हता. मालक हसून म्हणाला, "आजी, हे वरनं नाय आलं. तुमच्याच श्वासाचं पाणी हाय ते." चिरंजिवांनी पुस्तकी खुलासा केला: श्वासातली वाफ गार कापडाला लागते आणि तिचे दहिवर होते, तिघे एका तंबूत निजले तर रात्रभरात तिघांचे पाणी छताला लोंबू लागते. आईने हात वर करून कापडावरून बोट फिरवले. "म्हणजे घरातही आपण भिंतींवर असेच श्वास सोडत असणार," ती म्हणाली, "दिसत नाही एवढंच." रात्रीविषयी तिने कोणाला काही विचारले नाही. तिच्या तंबूची भिंतही कापडाचीच होती.

त्या दिवशी आम्ही रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ पाहून आलो. शिलाहारांच्या काळातले ते दगडी काम पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. पण श्रोतृवर्ग ठमीच्या मागे नंदीभोवती धावत होता. बाळूने दादाला गाडीत पुढे बसवले. दुसरी रात्र शांततेत गेली. ठमी दादा-वहिनींच्या तंबूत निजली, बादलीसकट.

रविवारी दुपारी निघायची वेळ झाली. ओला तंबू तसाच गुंडाळला तर कापड बुरशी धरते, म्हणून मालकाने आधी सगळे तंबू उन्हात उघडे करून वाळवले आणि मग त्यांच्या लवचीक काठ्या एकेक करून काढायला सुरुवात केली. काठ्या निघताच घुमट हळूहळू श्वास सोडल्यासारखा खाली बसला. ठमी ते पाहत होती. आपले घर जमिनीवर पडले हे पाहून तिने असा आकांत केला, की काठावरचे बगळे उडाले. "घल! माजं घल!" दोन रात्रींपूर्वी ज्यातून तिला घरी जायचे होते तेच आता तिचे घर झाले होते.

आम्ही सारे हसत होतो. आई हसत नव्हती. 2021 साली वाडा पाडायला यंत्र आले त्या दिवशी ती शेजारणीकडे खिडकीशी बसून होती. तीन दिवसांत सगळे भुईसपाट झाले. तिने डोळ्यांतून टिपूस काढले नाही की एक शब्द बोलली नाही. त्यानंतरही कधी बोलली नाही. आता तिने ठमीला जवळ ओढले, गुडघ्यावर बसवले आणि म्हणाली, "रडू नकोस. अगं, घर मोडलं नाही काही. घडी घातली. आपण पुन्हा उलगडू हं." असे म्हणताना तिचा आवाज फुटला. दादा आणि बाळू दोघेही तिच्या दोन बाजूंना येऊन बसले. तंबूमालकाने समजूतदारपणे दोऱ्या गुंडाळण्यात बराच वेळ काढला.

वारीत हे रोज घडते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्या सोहळ्याला शिस्त लावून दिली त्यात दर मुक्कामी राहुट्यांचे एक अख्खे गाव उभे राहते आणि पहाटे त्या जागेवर नुसत्या चुली उरतात. गाव मोडले म्हणून कोणी रडत नाही, कारण माणसे तीच पुढे चाललेली असतात. आमचा वाडा गेला याचे दुःख आम्ही तीन वर्षे जमिनीच्या आणि पैशाच्या भाषेत मांडीत होतो. गेली होती ती फळ्यांची पडदी. जिच्यातून एकाचा खोकला दुसऱ्याला ऐकू जायचा आणि दुसऱ्याचे हसू तिसऱ्याला. जाड भिंतीमागे माणूस सुखात असतो. पण तो सुखात आहे की नाही हे बाहेर कळत नाही, हीच अडचण.

भंडारदऱ्याहून आल्यावर सगळे आबादीआबाद झाले, असे मी म्हणणार नाही. बाळू वाकडलाच राहतो, दादा पेठेतच. अजून त्यांचे वाद होतात, आणि आता चांगले आवाज चढवून होतात. आई ते ऐकते, समाधानाने मान हलवते आणि चहा ठेवायला उठते.

वाचकहो, तुम्हांला लगेच डोंगरात तंबू ठोकायला जा असे मी सांगत नाही. तिथे थंडी फार असते आणि मुलाचे सामान पुष्कळ न्यावे लागते. पण या दिवाळीत घरी भाऊबहिणी येतील. त्यांना एकेक खोली देऊन, दारे लावून घेऊन 'निवांत झोपा' असे म्हणू नका. हॉलमधले टीपॉय बाजूला सारा, एका ओळीने गाद्या घाला, चार उशा कमी पडू द्या. कोणी घोरेल, कोणी खोकेल, मध्यरात्री एखादे मूल रडून सगळ्यांना उठवील. उठवू दे. अभ्यंगस्नानाला तसेही पहाटे उठायचेच असते.